उसने होकार

१२ जुलै २०२५, शनिवार

ही वही एका फ्रेम कंपनीने आमच्या दुकानाला भेट दिली. मुखपृष्ठावर डोळे तपासायचा तक्ता आहे. वरचं अक्षर मोठं, शेवटची ओळ मुंगीएवढी. दुकानात कोणालाच ती नको होती. भीमराज सर म्हणाले, "अपूर्वा, तू घे." मी "हो" म्हटलं. घरी आल्यावर कळलं, मलाही नको होती.

म्हणून हिच्यातच लिहायचं ठरवलं.

गेल्या शनिवारी शर्मिष्ठा मॅडमचा ऑनलाइन वर्ग सुरू झाला. आठ शनिवार, सकाळी आठ ते नऊ. मॅडम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्यांचं म्हणणं, माणसाने स्वतःसाठी जगावं आणि त्याची लाज वाटून घेऊ नये. दुसऱ्याच्या शाबासकीवर जो जगतो, त्याच्याकडे प्रेमात द्यायलाही स्वतःचं असं काही उरत नाही. आजचा स्वाध्याय: दिवसभरात किती वेळा 'हो' म्हणता ते मोजा. प्रत्येकापुढे लिहा, हा होकार कोणाचा.

एकतीस निघाले. माझं वयही तेवढंच. त्यातले माझे चार, आणि त्यातला एक रिक्षावाल्याला, "भांडुप?" म्हणाला तेव्हा.

बाकीचे सत्तावीस उसने.

१५ जुलै, मंगळवार

घाटकोपरच्या दुकानात मी डोळे तपासते. दिवसभर लोकांना विचारते, "हे स्पष्ट की हे? पहिलं की दुसरं?" आणि लोक विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" आजपर्यंत हे कधी खटकलं नव्हतं.

दुपारी एक मधुकर काका आले. नंबर वाढलाय, फ्रेम नवी हवी. तीन फ्रेमा लावून झाल्या. दर वेळी आरशात न बघता माझ्याकडे बघत.

"कोणती घेऊ?"

"तुम्हाला कोणती आवडली?"

"या आधीच्या सगळ्या हिने निवडल्या. ही गेली मार्चमध्ये."

"मग आता तुम्ही निवडा, काका. चेहरा तुमचा आहे."

त्यांनी फ्रेमा नीट पुसून ट्रेमध्ये ठेवल्या आणि गेले. सर म्हणाले, "गिऱ्हाईक घालवलंस." मी म्हटलं, त्यांना स्वतंत्र केलं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी शेवटची ओळ आहे.

१८ जुलै, शुक्रवार

पहिला ठोस नकार. प्रेमामावशी चौथ्या माळ्यावर राहतात. त्यांच्या सुनेची मंगळागौर पुढच्या महिन्यात, त्यासाठी आजपासून खेळांचा सराव. फुगडी, झिम्मा. मी आईला सांगितलं, जाणार नाही.

"मगे कारण काय सांगू?"

"इच्छा नाही, असं सांग."

"असा कोण सांगता?"

आई वर जाऊन आली. सांगितलं काय, तर "तिचो पाय मुरगाळलो."

आता जिन्यात प्रेमामावशी भेटल्या की लंगडावं लागतंय. आज तीन वेळा भेटल्या. तिसऱ्या वेळी पाय चुकला. "अगं, मघाशी डावा होता ना?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हटलं. उसना.

२० जुलै, रविवार

सौरभला घेऊन मुलुंडच्या नेहमीच्या उडुपी हॉटेलात गेले.

सौरभविषयी इथे काहीच लिहिलेलं नाही. बोरिवलीला राहतो. गोरेगावच्या एका स्टुडिओत डबिंगचं रेकॉर्डिंग करतो. दिवसभर काचेमागे बसून दुसऱ्यांच्या ओठांवर तिसऱ्याचे शब्द बसतात का, ते बघतो. आम्ही दोन वर्षं एकत्र आहोत. अतिशय चांगला मुलगा. एकच दोष, काहीही विचारलं की म्हणतो, "तू म्हणशील तसं."

आज मी त्याला सांगितलं, हे वाक्य बंद. ऑर्डर तू द्यायचीस, आणि स्वतःच्या मनाने.

त्याने मेनू उघडला. वेटर दोनदा येऊन गेला. मी घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं.

"दहीवडा," तो म्हणाला.

"आणि मसाला डोसा? आपण नेहमी अर्धा अर्धा घेतो तो?"

"तो तू घे. मला डोसा आवडत नाही."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

"सौरभ, दोन वर्षं खातोयस!"

"हो ना."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस, यार. तू 'अर्धा अर्धा ना?' म्हणायचीस. वेटरलाच."

दहीवडा त्याने इतक्या आनंदाने खाल्ला की मला बघवेना. मी अख्खा डोसा खाल्ला. दुसरा अर्धा चिवट लागला.

तरी एकूण प्रगती आहे. माझ्यामुळे तो स्वतंत्र होतोय. पुढच्या रविवारी त्याने सिनेमा निवडायचा असं मी ठरवलं आहे.

२७ जुलै, रविवार

सिनेमा वाईट होता. मी बोलले नाही. म्हणजे इंटरव्हलपर्यंत.

घरात मोठं प्रकरण झालं ते वेगळंच.

आमचा गणपती पूर्वी कणकवलीजवळ गावी असायचा. २०२० साली जाता आलं नाही, तेव्हापासून भांडुपला, दीड दिवस. आरती झाली की अण्णा, म्हणजे माझे वडील, गाऱ्हाणं घालतात. हात जोडून, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, घरातल्या एकेकाच्या वतीने देवाकडे मागणं मागायचं. प्रत्येक मागण्याला बाकी सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "होय महाराजा!" काय मागितलं ते नीट ऐकू आलेलं असो वा नसो. अण्णा बँकेत शिपाई होते, भजनात बुवा आहेत. दोन्हीकडचा आवाज एकच.

तर आज सकाळी अण्णा कागद-पेन घेऊन आले. दर वर्षी महिनाभर आधी येतात.

"अपू, तुका काय मागूचा?"

मी शांतपणे सांगितलं की माझ्या वतीने कोणी काही मागू नये. आणि या वर्षी मी 'होय महाराजा'ही म्हणणार नाही. घाऊक होकार मला मान्य नाही.

आई भाजी निवडत होती. "चेडवाक खूळ लागला," ती भाजीला म्हणाली. चेडू म्हणजे मुलगी, इथे मी.

मी वादाच्या तयारीत होते, चार मुद्दे पाठ होते.

"बरां," अण्णा म्हणाले. कागदाची घडी घातली आणि गेले.

मुद्दे तसेच राहिले.

३ ऑगस्ट, रविवार

सौरभला हैदराबादचं काम आलंय. मोठा स्टुडिओ, पूर्ण विभाग त्याच्या हाताखाली, दोन वर्षांचा करार. अठ्ठावीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत कळवायचं. सप्टेंबरात जायचं.

पवईच्या तलावाकाठी बसलो होतो. त्याने सगळं सांगून झाल्यावर विचारलं, "काय करू?"

मला आतल्या आत अभिमान वाटला, कारण मी मोहात पडले नाही. म्हटलं, "तू ठरव. मी काहीही सांगणार नाही."

"तुला काय वाटतं, एवढंच सांग."

"तेच सांगणार नाही. मी सांगितलं की तुझा निर्णय तुझा राहत नाही."

"अपू, मी परीक्षेला नाही बसलोय."

"माझ्यासाठी थांबू नकोस. माझ्यासाठी जाऊही नकोस."

तो म्हणाला, "म्हणजे तुला फरक नाही पडत."

"निर्णय तुझा आहे," मी म्हटलं.

कालच्या वर्गाचा विषय प्रेम होता. मॅडम म्हणाल्या होत्या, त्याग मागणारं प्रेम म्हणजे वसुली. मी वसुली केली नाही. सगळं नियमाप्रमाणे झालं. परत येताना मात्र तोंडात डोशाच्या दुसऱ्या अर्ध्याची चव होती. काही खाल्लेलं नसताना.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मधुकर काका पुन्हा आले. मी ओळखलं नाही असं दाखवलं. ते सरळ काउंटरपाशी आले, त्याच तीन फ्रेमा मागितल्या, काळी उचलली आणि लावली.

"ही घेतो. ठरवून आलोय."

"छान," मी म्हटलं. "बघा, जमलं ना तुम्हाला?"

"निवडायला जमतं हो. त्या दिवशीही हीच निवडली होती मनात." मग माझ्यासमोर सरळ उभे राहिले, फोटोला उभं राहतात तसे. "बघायला कोणी नव्हतं. तुम्ही बघा जरा."

मी बघितलं. खरंच शोभत होती. "छान दिसताय, काका."

हे मोजायचं की नाही, कळलं नाही. नोंदीत नुसतं 'काळी फ्रेम' लिहिलं.

सौरभचा मेसेज: "जेवलीस?" मी: "हो." हा माझाच, पण अगदी बारीक.

१६ ऑगस्ट, शनिवार

आजच्या वर्गात प्रश्नोत्तरं होती. मी सौरभचं उदाहरण दिलं, नाव न घेता. खाली नाक्यावर दहीहंडीचा डीजे लागला होता, त्यामुळे जवळजवळ ओरडूनच बोलले. वाटलं, मॅडम म्हणतील, बघा, असं जगायचं.

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला काय हवंय?"

"त्याने स्वतंत्रपणे निर्णय घ्यावा."

"हे त्याने काय करावं ते झालं. मी तुमचं विचारतेय."

"त्याच्यावर दबाव येऊ नये."

"अपूर्वा, हेही त्याच्याचकडे गेलं."

तेवढ्यात नेटवर्क गेलं. म्हणजे मी बंद केलं.

स्वाध्याय: मला काय हवं आहे, ते एका वाक्यात लिहा. 'नको', 'नाही', 'नये' वापरायचे नाहीत. एवढे वर्ग झाल्यावर इतका बाळबोध स्वाध्याय. उद्या करीन.

१९ ऑगस्ट, मंगळवार

स्वाध्याय राहिला. दुकानात गर्दी होती.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सौरभचा फोन. "जातो बहुतेक. पुढच्या गुरुवारी सही करून पाठवतो."

"स्वतः ठरवलंस?"

"हो. तूच शिकवलंस."

"अभिनंदन."

"थँक्स."

मग दोघंही फोन धरून होतो. तो आवाजातला माणूस आहे, मागचा पंखासुद्धा त्याला ऐकू येतो. म्हणाला, "तू चाचणीच्या खोलीत आहेस ना? दार लावलंयस." मी हो म्हटलं. आणि ठेवला.

नंतर डोळ्यात काहीतरी गेलं असं वाटलं. यंत्रावर हनुवटी टेकवून सरांना बघायला सांगितलं. सरांनी दोन्ही डोळे तपासले. "काही नाहीये," म्हणाले. मग जरा थांबून, "घरी जायचंय का?" नाही म्हटलं.

स्वाध्याय राहिला.

२४ ऑगस्ट, रविवार

वाट लागली. अण्णांचा आवाज गेला.

पुढच्या महिन्यात डबलबारी आहे. दोन बुवा आमनेसामने भजनं म्हणत एकमेकांची खेचतात, तो मालवणी सामना. समोरचा बुवा पस्तिशीचा. अण्णांनी रोज चार तास तालीम केली. काल संध्याकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस एक शब्द नाही. कुजबूजसुद्धा नाही.

गणपती बुधवारी.

"आता गाऱ्हाणा कोण घालतला?" आईने विचारलं. आकाश, माझा भाऊ, बोटीवर आहे, दिवाळीला येईल. काका गावी.

अण्णांनी पाटी मागितली. घरात पाटी कुठली? मी ही वही दिली, मागचं पान उघडून. त्यांनी लिहिलं: "अपू घालील."

"चेडू?" आई म्हणाली.

"होय," अण्णांनी लिहिलं, आणि खाली रेघ मारली.

मी म्हटलं, तत्त्वतः मला ते मान्य नाही. दुसऱ्यांच्या वतीने मी कशी बोलणार? कोणाला काय हवं ते मला काय माहीत?

अण्णांनी लिहिलं: "इचार मगे त्येंका."

एवढंच. मग कपाटातून एक जुनं पाकीट काढून माझ्या हातात दिलं आणि झोपाळ्यावर जाऊन बसले. त्या पानावर आता त्यांचं अक्षर आहे, माझ्या नोंदींच्या पाठीला पाठ लावून.

२६ ऑगस्ट, मंगळवार

रजा घेतली. पाकिटात दर वर्षीचा एक, असे पाच कागद. प्रत्येकावर नावं आणि पुढे मागणं. म्हणजे अण्णा मनाने काहीच मागत नव्हते. सगळ्यांना विचारून लिहून घ्यायचे. २०२१, आकाश: 'बोटीचा कॉल येवचो.' २०२२, आई: 'बहिणीवांगडा बोलणा सुरू होवचा.' प्रेमामावशींचंसुद्धा आहे, पाच वर्षं एकच, पाणी.

माझ्या नावापुढे पाचही वर्षं एकच ओळ. "काय नको म्हणता. तिका काय व्हया ता तिका कळांदे." हवं ते तिला कळू दे, हेच माझ्यासाठीचं मागणं.

सहावा कागद या वर्षीचा. त्यावर माझं नाव आहे, पुढे जागा सोडलेली.

मग विचारत फिरले. आईला गुडघे हवेत, टेकडीवरच्या देवळात चालत जायचंय. मला माहीत नव्हतं की ती दोन वर्षं गेलेली नाही. प्रेमामावशींना पाणी. "आणि तुझा पाय बरा होवांदे," त्या म्हणाल्या, दोन्ही पायांकडे आळीपाळीने बघत. मी खरं सांगून टाकलं. "माका म्हायत होता," म्हणाल्या. "पण लंगडतंस झकास हां."

सौरभला फोन केला. उद्या जेवायला येतोय, दर वर्षी येतो. विचारलं, "गणपतीकडे तुझ्यासाठी काय मागू?"

पलीकडे बराच वेळ काही नाही. मी बोलले नाही. हे अवघड असतं, आजपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

"माझं तू नको मागूस," तो म्हणाला. "माझं मी मागेन."

"बरां," मी म्हटलं. अण्णांसारखं निघालं तोंडातून.

२७ ऑगस्ट, बुधवार

जसं झालं तसं लिहिते.

आरती संपली. बाहेरच्या खोलीत पंधराएक माणसं. अण्णा भिंतीशी, तोंडावर रुमाल धरून, स्वतःचाच पहारेकरी असल्यासारखे. सौरभ दारापाशी, चपलांच्या बाजूला. मी कागद घेतला. माझी मालवणी मोडकी आहे, आवाजही अण्णांच्या पावपट.

"बा देवा गणपती महाराजा!"

"होय महाराजा!" इतक्या जोरात आला की मी दचकले.

"जी काय मोडकीतोडकी सेवा झाली आसात, ती गोड मानून घे महाराजा!"

"होय महाराजा!"

"प्रेमामावशीच्या नळाक चौथ्या माळ्यार पाणी येंवदे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळ्यात मोठा आवाज मावशींचा.

"आईच्या गुडघ्याक बळ दी. आकाशाक बोटीर सांभाळ. अण्णांचो आवाज परत दी, आणि डबलबारीत समोरच्या बुवाची बोलती बंद कर महाराजा!"

"होय महाराजा!" अण्णांनी रुमालाआड मान हलवली.

कागदावर पुढे माझं नाव होतं. पुढे जागा.

वाचायला काही नव्हतं. वर बघितलं तर सगळे हात जोडून थांबलेले. खरं तर पुढे सरकता आलं असतं. 'सगळ्यांका सुखी ठेव' म्हणायचं आणि संपवायचं.

"माका," मी म्हटलं आणि अडकले. पुन्हा सुरू केलं. "माका सौरभ हयसर व्हयो महाराजा."

"होय महा—" मावशी निघाल्या आणि मधेच थांबल्या. बाकी कोणीच नाही. आईने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. सगळी खोली दाराकडे वळली.

सौरभचे हात जोडलेलेच होते.

"अरे मेल्या, बोल मगे!" मावशी म्हणाल्या.

"विचार करतोय, मावशी. दोन मिनिटं द्या."

"देव थांबता होय दोन मिनिटां?"

"थांबेल," मी म्हटलं. "अकरासुद्धा थांबेल."

तो पुढे आला, चपलांच्या बाजूने. घसा साफ केला. "महाराजा, मला मालवणी येत नाही."

"होय महाराजा!" सगळे सवयीने म्हणाले, आणि मग हसू फुटलं. अण्णांचे खांदे हलत होते.

"मला हैदराबादचं काम हवंय, महाराजा. असं काम पहिल्यांदा माझ्या नावावर आलंय."

कोणाला काही कळेना, म्हणायचं की नाही. मघाशी मी त्याला इथे मागितलेलं, आता हा तिकडचं काम.

"आणि मला अपूर्वा हवी."

तो माझ्याकडे बघत नव्हता, मूर्तीकडे बघत होता. कान लाल झाले होते.

या वर्षी मी ते म्हणणार नव्हते. तसं जाहीर केलं होतं. शिवाय तो मागत होता त्यातलं अर्धं माझ्या मागण्याच्या विरुद्ध होतं.

"होय महाराजा," मी म्हटलं.

एकटीचाच आवाज आला. जरा चिरकाच. मग मागून एक घोगरा, फाटका, "होय म्हाराजा", अण्णांचा. आई ओरडली, "तुमका बोलूचा नाय सांगितला हा ना!" आणि त्यावर सगळ्यांनी मिळून गजर केला.

"पण दोघांनी उलटसुलट मागल्यानी," आई मोदक वाढताना म्हणाली. "देवान करूचा काय?"

"देव काय ता बघीत," मावशी म्हणाल्या. "तू नारळाची वाटी हयसर कर."

जेवणानंतर सौरभ गॅलरीत म्हणाला, "हे तीन आठवड्यांपूर्वी बोलायला काय झालं होतं?"

"तू विचार—" म्हणणार होते. पण त्याने विचारलं होतं. दोनदा.

"घाबरले होते," मी म्हटलं. "तू थांबला असतास तर माझ्यामुळे. आणि मी सांगूनही गेला असतास, तर त्याहून वाईट."

"आणि आता?"

"आता जाशील तर मी सांगूनही जाशील."

"हो," तो म्हणाला. "मग हे फार वाईट नाहीये."

२८ ऑगस्ट, गुरुवार

डॉक्टरांनी अण्णांचे आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगितले.

सौरभने सही केली नाही. हैदराबादला फोन केला: दोन वर्षं जमणार नाही, सहा महिन्यांत विभाग उभा करून देतो, चालेल का. संध्याकाळी उत्तर आलं. आठ महिने.

मी चार म्हटलं.

"तुझ्याशी नाही ठरवत आहे गं मी," तो म्हणाला.

"माहीत आहे. मला चार हवे आहेत, एवढं सांगून ठेवते."

"ऐकलं. आठ. दर महिन्याला एक रविवार मुंबईत."

"दोन."

"दोन," तो जरा विचार करून म्हणाला. त्याचाच होता तो होकार, मी ऐकला.

तलावावर विसर्जन करून आलो. कागदाची घडी अण्णांनी पाकिटात ठेवली. माझ्या नावापुढची जागा त्यांनी त्याआधी भरून टाकली होती, शब्दाला शब्द, माझ्या व्याकरणाच्या चुकांसकट.

३१ ऑगस्ट, रविवार

मुलुंडला गेलो. तो दहीवडा, मी डोसा. ऑर्डरला एक मिनिटही लागलं नाही.

अर्धं जेवण झाल्यावर त्याने माझ्या डोशाचा एक तुकडा तोडला आणि खाल्ला.

"आवडत नाही ना तुला?"

"नाही," तो चावत म्हणाला. "अजूनही नाही."

मी ताट त्याच्या बाजूला सरकवलं. त्याने परत माझ्याकडे सरकवलं.